निरोपाचा स्पंज

सरांनी समुद्र पाहिलेला नव्हता, आणि ही गोष्ट ते दहावीच्या प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच तासाला सांगून टाकत. दुसरा कुणी असता तर लपवली असती. सर टेबलाच्या कडेला टेकत, चष्मा काढून हातात धरत आणि म्हणत, "मी समुद्र पायला नाही. तुमीबी पायला नाही. म्हणून आपल्याले तो चांगला शिकता येते." मुलं हसत. सर हसत नसत, कारण त्यांना ते मनापासून पटलेलं होतं.

मी त्यांच्या शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचे. शाळा सडक अर्जुनीच्या जवळच, हायवेपासून थोडी आत. पण ट्रकांचे हॉर्न कवितेच्या ऐन मध्यावर येऊन वाजायचेच. मी मूळची नाशिककडची. नोकरी मिळाली म्हणून इतक्या लांब आले आणि पहिले काही महिने जो भेटेल त्याच्याशी भांडले. इथं लोक बोलायला थेट. कुणी "काऊन?" म्हणजे "का?" म्हणून विचारलं की मला वाटायचं, हा दरडावतोय. सरांनी पहिल्या भेटीत माझं नाव-गाव काही विचारलं नाही. तुम्ही समुद्र पाहिला का, एवढंच विचारलं. पाहिला, म्हणाले मी. मग त्यांनी मला स्टाफरूममध्ये समोर बसवून पाण्याचा रंग सांगायला लावला. निळा, म्हणाले मी. कसा निळा? मला सांगता येईना. शेवटी मी चिडून म्हणाले की असतो तसा निळा, पाण्यासारखा. सर उठले, डस्टर घेतलं आणि दारातून जाता जाता म्हणाले, "पायला, पण पायलाच नाही तुमी."

आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

दहावीच्या पुस्तकात खंडीभवनाला चार ओळी आहेत. प्राण्याचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यापासून नवा प्राणी वाढतो, संपलं. सर त्या चार ओळींना आठवडा लावत. त्या आठवड्यात ते घरून धान झाकायची निळी ताडपत्री आणत आणि वर्गाच्या खिडक्यांना बांधत. बाहेर रखरखीत ऊन असे, आणि आत सगळं निळं. मुलांचे चेहरे निळे, फळा निळा, सरांचा पांढरा शर्ट निळा. पंखा चालू असला की ताडपत्री हलायची आणि तो उजेड भिंतीवरून सरकत राहायचा. मुख्याध्यापक एकदा रागावून आले होते, दारात उभे राहिले, जरा वेळ ऐकलं आणि तसेच परत गेले. मीही माझ्या वर्गाला निबंध लिहायला देऊन तिथं दाराशी जाऊन उभी राहायचे. ऐकायला नव्हे, त्या उजेडासाठी, असं मी स्वतःला सांगत असे.

सर अगदी हळू बोलत. प्रवाळाचा खडक, त्यावर उगवलेले स्पंज, कुणी दोरीसारखे लांब, कुणी हाताच्या बोटांसारखे, पिवळे, जांभळे. त्यांना ना तोंड ना डोळे. नुसतं पाणी आत घ्यायचं आणि बाहेर सोडायचं, एवढंच त्यांचं जगणं. मग वादळ येई. सर आवाज आणखी खाली आणत.

"वादळ येते, स्पंज तुटते. मासे बी लचके तोडतात. पाहनारा म्हणते, मेला. तो मरत नाही. पानी त्याले घेऊन जाते. कुठं दगड भेटला, मेलेल्या पोवळ्याचा तुकडा भेटला, का तिथं चिकटते. चिकटला का वाढते. नुसता रेतीवर लोटत राहिला तर मात्र मरते. त्याले टेका पायजे."

एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं होतं की सर, मग तुकडा म्हणजे त्या स्पंजाचं लेकरू का. सर एकदम सरळ झाले. लेकरू नोहे, म्हणाले. तो तोच आहे. इथं बी तोच, दोन कोस दूर जाऊन चिकटला तर तिथं बी तोच. मुलगी म्हणाली, मग मूळचा कोणता? सरांनी खिडकीवरच्या हलत्या ताडपत्रीची कड धरली. मूळचा असा कोणी राहत नाही, एवढंच म्हणाले आणि घंटा झाली.

सरांचं घर त्यांच्या गावच्या तलावाच्या काठावर होतं. घरचे पोवार शेतकरी, भाऊ शेती करत, आपसांत पोवारीत बोलत. सर एका बाजूच्या दोन खोल्यांत एकटे. माझी खोली सोडून मला त्या गावात भाड्यानं राहायला यावं लागलं, तेव्हा आमचं येणं-जाणं वाढलं. सरांच्या चुलीवर कायम भात आणि काहीतरी आंबट असे. ते काय आहे हे मी कधी विचारलं नाही.

त्यांच्या बायकोची गोष्ट मला त्यांच्या धाकट्या भावजयीनं सांगितली. लग्न झालं तेव्हा सर नवेनवे मास्तर होते आणि जेवताना बायकोला प्रवाळखडकांबद्दल ऐकवायचे. बायको शाळेत फार गेलेली नव्हती, पण ऐकायची मोठ्या आवडीनं. सरांनी तिला समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीतरी निघायचं. कधी पैसे नसत, कधी घरात लग्न, कधी कुणाचं आजारपण. एकदा ती बायकांबरोबर शिंगाडे काढायला तलावात उतरली. तलावात एका बुडालेल्या झाडाचा खुंट होता, त्याला धरून उभी राहिली तर हाताला काही मऊ लागलं. ते तिनं ओढून काढलं. हिरवंगार, बोटं फुटलेलं. तशीच ओलेती घरी आली, सर पडवीत पेपर तपासत होते, त्यांच्यासमोर तळवा धरला आणि म्हणाली, "घ्या, तुमचा समुद्र घरी आला. आता मले कुठं नेऊ नोका."

सरांनी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. तो स्पंजच होता. गोड्या पाण्यातही स्पंज असतो, हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं. सरांनी तो परत नेऊन खुंटाला लावला, आणि तो तिथं वाढला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सुकायचा, पण बारीक दाणे मागं ठेवायचा. पावसाळ्यात त्याच दाण्यांतून परत हिरवा व्हायचा. सर म्हणत, आपल्या आयुष्यात एकच शोध लागला आणि तो आपण लावलेला नाही. बायको पुढं फार वर्षं जगली नाही. साध्या तापाचं निमित्त झालं. मूलबाळ नव्हतं.

रविवारी सकाळी सर मासेमार ढिवराचा डोंगा मागून घेत आणि खुंटापाशी जाऊन त्यात पालथे झोपत. तेलाच्या पिप्याचा तळ कापून त्यांनी तिथं काच बसवली होती; पिपा पाण्यात अर्धा बुडवायचा आणि वरून डोकं घालायचं. गावाला ते इतकं सवयीचं झालं होतं की कुणी मान वळवूनही पाहत नसे. एका रविवारी त्यांनी मलाही नेलं. डोंगा डुलत होता, मला पोहता येत नाही, आणि मी मनातल्या मनात त्यांना बोल लावत होते. मग पिप्यात डोकं घातलं.

खाली एक हिरवी शांतता होती. उन्हाच्या तिरिपा खोल जात होत्या आणि खुंटावर ती हिरवी बोटं उभी होती, जराही न हलता. बारीक मासे त्यांच्यामधून येत आणि जात. आपण श्वास घेतोय हे मी विसरले असावे. काठावर कुणीतरी कपडे आपटत होतं, तो आवाज पाण्यातून फार लांबून आल्यासारखा येत होता. किती वेळ गेला कोण जाणे. डोकं वर काढलं तेव्हा ऊन चढलं होतं आणि सर दुसऱ्या टोकाला वल्हं मांडीवर घेऊन बसले होते.

"हिचा हात लागला होता याले," ते म्हणाले. "लेकरू नोहे मॅडम हे. तेच आहे."

त्या दिवशी मला कळलं, हा माणूस एवढा आटापिटा कशासाठी करतो ते. तिनं हातात धरलेलं काहीतरी अजून जिवंत आहे, एवढंच त्यांना हवं होतं. ते कुठंतरी जिवंत राहिलं पाहिजे.

म्हणूनच तो निरोप. दहावीचा निरोप समारंभ झाला, समोसा आणि पेढा वाटून झाला की सर प्रत्येक मुलाला पाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी देत, आणि पिशवीत पेराएवढा हिरवा तुकडा. आपल्या गावच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, नाहीतर तलावात नेऊन दगडाला लावा, सांगत. पोरं मान डोलवत. मग त्या पिशव्यांचं काय होई हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. काही कडुनिंबाखाली रिकाम्या होत, काही एसटीच्या सीटखाली राहून जात, आणि एकदा शिपायाला पिण्याच्या पाण्याच्या टाकीत काहीतरी हिरवं तरंगताना सापडलं, त्यावर मोठा गोंधळ झाला. सरांना यातलं काही कुणी सांगत नसे. ते मोठ्या समाधानानं रिकामी बादली घेऊन घरी जात.

पोरांवर सगळं सोडून सर स्वस्थ बसणारे नव्हते. सुट्टी मिळाली की मोपेडच्या हँडलला डबा अडकवून ते तलाव हिंडत. या जिल्ह्यात तलावांना तोटा नाही. पाण्यातल्या खुंट्याला, दगडाला ते स्पंजाचा तुकडा पांढऱ्या दोऱ्यानं बांधत, हळूहळू, वेढ्यावर वेढा घालत, वर गाठ मारून. पुढच्या वेळी जाऊन तो बाहेर काढून पाहत, धरला का, वाढला का, आणि परत बुडवत. बोदलकशाच्या बाजूच्या एका गावात यावरून फटफजिती झाली. सकाळी सकाळी परका माणूस तलावात मांड्यांपर्यंत उभा राहून दोरा गुंडाळून काहीतरी बांधतोय आणि तोंडानं पुटपुटतोय, हे तिथल्या बायकांनी पाहिलं. करणीशिवाय दुसरं काय असणार? सरांना ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आणून बसवलं. काय बांधलं, कोणावर बांधलं, कोणी सांगितलं बांधायला, असं पोलीसपाटलानं विचारलं. सरांनी खंडीभवन सुरू केलं. वादळ, खडक, लचके तोडणारे मासे, सगळं. ऐकता ऐकता जमाव खाली बसला. शेवटी एक म्हातारे म्हणाले की मास्तर गोष्ट चांगली सांगतो, पण दोरे आमी काढूनच टाकू. सरांना चहा पाजला आणि दोरे खरंच काढून टाकले. सर मला म्हणाले, लोक चांगले आहेत, फक्त त्यांचा दोऱ्यावर विश्वास नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गावच्या तलावातला गाळ काढायचं ठरलं. तलाव उथळ झाला होता, शेवटच्या पाण्याला धान करपायचं, आणि गावाची ही जुनीच मागणी होती. मी सरांना म्हटलं, तुम्ही विरोध करा. ते माझ्यावर उखडले. तलाव धानासाठी आहे, माझ्यासाठी नाही, म्हणाले. त्यांनी एवढंच मागितलं की तो खुंट तेवढा राहू द्या. गावानं मान्य केलं. मशीनवाला मात्र बाहेरचा होता, त्याला कुणी सांगितलं आणि कुणी नाही. सर निकालाच्या कामासाठी शाळेत होते तेव्हा त्यानं खुंट उपटून काठावर टाकला. संध्याकाळपर्यंत त्याची लाकडं झाली, गाळ शेतांत पसरला गेला. सर काठावर उभे राहिले, मग घरात गेले. दुसऱ्या दिवशी वेळेवर शाळेत आले आणि मुख्याध्यापकांनी सांगितलेले तक्ते भरत बसले.

पावसाळ्यात तलाव भरला, गढूळ लाल पाण्यानं. सर मोपेड घेऊन आपले जुने तलाव हिंडून आले. दोरे बहुतेक जागी होते. दोऱ्यांत काही नव्हतं.

मग एक दिवस मधल्या सुट्टीत ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "मॅडम, पोरायले इचारा. कोनाजवळ तरी असन."

माजी विद्यार्थ्यांचा गट माझ्या फोनवर होता. मी विचारलं. कुणी हात जोडलेली चित्रं पाठवली, कुणी सरांना साष्टांग नमस्कार लिहिला, कुणी सरांसोबतचा जुना फोटो टाकला. स्पंजाबद्दल चकार शब्द नाही. पुण्यात कंपनीत असलेल्या एकानं मला वेगळं लिहिलं की मॅडम, माझा तर बसमध्येच राहिला, सरांना सांगू नका. दुसरा म्हणाला, मी तो गाडीच्या रेडिएटरमध्ये ओतला होता, गंमत म्हणून. सर रोज सुट्टीत येऊन बसत. विचारत काही नसत, फक्त फोनकडे पाहत. मला त्या फोनचा राग यायला लागला. ताडपत्री त्या वर्षी खिडक्यांना लागली नाही. चार ओळी चार मिनिटांत झाल्या. मला अगदी खरंखुरं भय वाटलं की हा माणूस असाच विझत जाईल.

दिवाळीनंतर चिचगडकडून एक आवाजी संदेश आला. तो सरांना 'मूळचा कोणता' असं विचारणाऱ्या त्या मागच्या बाकावरच्या मुलीचा होता. वसतिगृहात राहून शिकलेली ही गोंड मुलगी आता आपल्या गावी राहत होती. मोहफुलं, तेंदूपत्ता, थोडं धान आणि बोडीतले मासे, असा तिचा संसार. आवाज चांगलाच तापलेला होता. "मॅडम, ते हिरवं सरायनं देल्लं होतं तेच का? सरायले म्हणा, येऊन पाहून जा. आमची बोडी खाल्ली त्यानं."

आम्ही देवरीपर्यंत बसनं आणि पुढं काळीपिवळीनं गेलो. मी काचेचं झाकणाचं भांडं घेतलं होतं, तुकडा आणायला. सर वाटभर खिडकीबाहेर पाहत राहिले.

बोडी जंगलाच्या कडेला होती. पाणी निवळलेलं, वर निळं आभाळ पडलेलं. मासे पलीकडं जाऊ नयेत म्हणून बांबूच्या काठ्यांचा कूड रोवला होता, आणि त्या प्रत्येक काठीवर हिरवी बोटं उभी होती. दगडांवर होती. पाण्यात पडलेल्या पळसाच्या फांदीवर होती. लांबवर, जिथं तळ दिसेनासा होतो, तिथंही काहीतरी हिरवं डुलत असल्यासारखं दिसत होतं. सर काठावरच थांबले.

मुलगी सरांच्या पाया पडली आणि उठून लगेच तक्रार करायला लागली. निरोपाची पिशवी तिनं घरी आणली खरी, पण दगडाला वगैरे काही लावलं नव्हतं. बापानं पिशवी कसली ते न पाहता बोडीत उलटी केली. पुढच्या साली एका काठीवर हे आलं. अंगाला लागलं की खाज सुटते, जाळं अडकतं. म्हणून पाणी उतरलं की सगळे मिळून विळ्यानं काठ्या खरवडायचे.

"अन् खरवडलेलं?" सरांनी विचारलं.

"फेकतो ना पान्यात. कुठं नेणार? एक काठी साफ केली का पुढच्या साली दहा काठ्यांवर. खालच्या बोडीत बी गेलं आता, ते लोक आमाले शिव्या देऊन राहिले."

सरांनी चपला काढल्या, पँट वर केली आणि पाण्यात उतरले. एका काठीपाशी वाकले. हात पाण्यात घातला, कोपरापर्यंत, आणि तसेच उभे राहिले. वारा नव्हता. पाण्यावरचे तरंग काठाला लागून विरले तरी ते हलले नाहीत. मुलगी माझ्याकडे पाहायला लागली. मी पिशवीतून काचेचं भांडं काढलं आणि त्याचं झाकण उघडलं.

"मी बांधत राहिलो, मॅडम," सर माझ्याकडे न पाहता म्हणाले. "गच्च बांधत राहिलो. अन् बाहेर काढून काढून पाहत राहिलो. वर्गात दरसाली वादळ शिकवलं मी."

मी भांडं पुढं केलं. त्यांनी ते घेतलं नाही. मुलीला आता काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं असावं. ती काठावर उकिडवी बसली आणि जरा नरम आवाजात म्हणाली की सर, पाणी उतरलं की आम्ही हे काढणारच होतो. तुमचं आहे म्हणता, तर या साली राहू देऊ का?

सर सरळ झाले. हातावरून पाणी निथळत होतं. त्यांनी सगळ्या बोडीवरून एकदा नजर फिरवली.

"नोको राहू देऊ," ते म्हणाले. "काढ. चांगलं खरवडून काढ. अन् पान्यातच फेक."